डॉल्फिनच्या बोटीत

सेक्टर ६, भिलाई

दीक्षा,

ओडिशात गोपाळपूरच्या समुद्रात डॉल्फिन पाहायला मी तुझ्याच बोटीत बसले होते. तू ओळखलंस, तरी म्हणालीस, "मॅडम, जॅकेट कसके बांधिए," आणि पट्टा स्वतः आवळलास. डॉल्फिन उसळले, सगळे ओरडले. मी तुझ्या पाठीकडे पाहत होते.

मी तुला न्यायला आले होते. तुझ्या बाबांचे थोडेच दिवस उरलेत. पण मासेमाराशी लग्न केलंस म्हणून मीच घराबाहेर काढलेल्या मुलीला 'चल' म्हणवेना.

बाबांना सांगितलं, भेटली नाही. ते म्हणाले, "मंग मलेच घेऊन चाल." त्यांना उठून बसताही येत नाही.

बोटीवरचा तुझा नंबर पाठ आहे. रोज नऊ आकडे दाबते आणि फोन ठेवते. हे पत्रही टाकणार नाही, मला ठाऊक आहे. तूच ये ना, बाई.

तुझी,
आई