माकडटेकडीखालचे घर कोणाला द्यावे, त्याविषयी

लिहून ठेवणार : केओ सारोउन, वय एकाहत्तर, धंदा केळी व कमळबिया विकणे, राहणार त्रापेआंग थ्नोत, बात्तामबांग प्रांत, विहाराच्या पायऱ्यांलगतचे पहिले घर. हे मी अक्कलहुशारीने, कोणाच्या दडपणाखाली न येता सांगत आहे, आणि विहारातले आचार नोप, जे गावच्या लग्नामयतांचे विधी सांगतात, ते लिहून घेत आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे. शेजारीण चान्थू हिचे मत वेगळे आहे, पण ते तिला कोणी विचारलेले नाही.

हे लिहिण्याचे कारण एकच. वरच्या टेकडीवर लांब शेपटीची थोडीशीच माकडे उरली आहेत. टेकडीला गाडी लागेल अशी वाटही एकच, ती माझ्या अंगणातून जाते. मी गेल्यावर घर ज्याच्या हाती, माकडे त्याच्या हाती. तेव्हा घराचे सावकाश सांगते, आधी किरकोळ उरकू.

माझे माकडांवर प्रेम आहे असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. उभी हयात त्या मेल्यांनी मला लुटले आहे.

कलम १. माझा प्राहोकचा रांजण, आतल्या आंबवलेल्या मासळीसकट, चान्थूला द्यावा. माझ्या रांजणाच्या वासाने तिच्या शेवयांच्या दुकानातली गिऱ्हाइके पळतात, असे ती गावभर सांगत आली. यापुढे पळाली तर स्वतःच्या रांजणाने पळतील.

कलम २. माझी गलोल आचार नोप यांना. विहाराच्या आवारात हिंसा नको म्हणून त्यांनी ती जप्त केलेलीच आहे, आता कायद्यानेही त्यांची. आचार म्हणाले, "मला नको." मी म्हटले, "मरणाऱ्या बाईला नाही म्हणू नये." ते म्हणाले, "तुम्ही कुठे मरताय? आत्ताच दोन वाट्या भात जेवलात." हा वाद मिटला असून गलोल त्यांचीच.

कलम ३. सोन्याची साखळी विहाराच्या छपरासाठी. तिची एक कडी कमी भरेल, ती जावयाने नेली. जावई म्हणजे टोळीतला थोरला नर. मला मुलगी नाही, पण जावई होता. वेळेवर यायचा, चांगले तेवढे निवडून खायचा, काम शून्य, आणि पाहुणचारात जरा कमी पडले की दात विचकायचा. एकदा त्याने माझ्या गळ्यातली साखळी ओढली नि चिंचेवर जाऊन बसला. पायऱ्यांवरची यात्रेकरू मंडळी टाळ्या वाजवत होती, नि मी खालून त्याचे पूर्वज काढत होते.

कलम ४. आता घर. माझ्या रक्ताचे माणूस एकच, वारलेल्या भावाचा मुलगा विबोल. आणि विबोलचा धंदा माकडे धरण्याचा. त्याला माझ्यासमोर जिन्यावर बसवून हे सांगते आहे, म्हणजे पुढे "मला माहीत नव्हतं" हे चालणार नाही.

परदेशात नवे औषध माणसाला देण्याआधी माकडाला टोचून बघतात. त्यासाठी माकड फार्मवर जन्मलेले लागते, रानातले चालत नाही, असा नियम. पण साथीनंतर मागणी अशी वाढली की फार्मवरच्या माद्यांनी तरी किती बाळंतपणे काढावीत! तेव्हा शहराकडच्या एका फार्मने सोपे करून टाकले. रानातले माकड फाटकातून आत आले की ते तिथेच जन्मले. आमच्या पायऱ्यांवर बसणारी दात पडलेली म्हातारी मादी, तीसुद्धा कागदावर तान्ही झाली.

टेकडी ओस पडत चालली. रानअंजिराची नवी रोपे दिसेनात, कारण अंजीर खाऊन बिया इकडेतिकडे टाकणारी पोटे पिंजऱ्यात गेली. एके दिवशी पायरीवर ठेवलेले केळे दुपारपर्यंत तसेच होते. माझ्या धंद्यात पहिल्यांदाच केळे सुरक्षित होते, आणि मला रडू आले.

विबोलला म्हटले, "मेल्या, लाज नाही वाटत?"

"आत्या, मला पोट आहे ना," तो म्हणाला. "आणि तूच तर त्यांना रोज शिव्या घालतेस."

"मी घालीन. माझी आहेत ती. तू कोण?"

मग मी मोठ्या भन्त्यांकडून लाल दोऱ्याचे अख्खे रीळ मंत्रून आणले. आमच्यात असा दोरा मनगटात पडला की कापत नाहीत, तो झिजून आपोआप गळू देतात. कापणाऱ्याचे बरे होत नाही. एका हातात केळे नि दुसऱ्यात दोऱ्याची सरकगाठ, असे करून उरल्यासुरल्या माकडांच्या मनगटात दोरे घातले. काहींनी चावून तोडले, ते नास्तिक. जावयाने मात्र हात आपणहून पुढे केला. केळ्यासाठी केला, पण केला.

मला वाटले, दोरे पाहून धरणारे माघारी फिरतील. कसले फिरतायत! दुपारी जेवून भन्ते आडवे झाले नि जाळी पडली. विबोल वर येऊन सांगतो कसा, "आत्या, शप्पथ, दोऱ्याला बोट लावलं नाही हां आम्ही. नुसती माकडं नेली."

फार्मवर साहेबाने दोरे पाहिले नि कपाळावर हात मारला. पिंजऱ्यात जन्मलेल्या माकडांच्या मनगटात विहाराचा दोरा कुठून येणार? त्याने विबोलला कात्री दिली. "काप."

विबोल म्हणाला, "तुम्हीच कापा ना साहेब, तुम्ही शिकलेले."

साहेबाने कात्री पहारेकऱ्याला दिली. पहारेकऱ्याची आई आजारी होती. त्याने ड्रायव्हरला दिली, तर त्याला लांबचा प्रवास होता. स्वयंपाकीणबाई म्हणाली, "मला दिवस गेलेत, मला काय सांगता!" कात्री फार्मभर फिरून पुन्हा साहेबाकडे आली, तेव्हा त्याने ती मुकाट खणात ठेवली. खोकी दोऱ्यांसकट विमानात चढली. पलीकडच्या विमानतळावर ज्या बाईने ती उघडली, तिच्याही मनगटात तसाच दोरा होता, सुट्टीत आपल्याकडे येऊन बांधून घेतलेला. ही माकडे पिंजऱ्यात जन्मलेली नव्हेत, हे तिने तिथेच ओळखले. पुढे काय झाले ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिले. फार्मला टाळे, विबोल घरी.

जावई परत आला नाही. तो कुठल्या देशात आहे, आहे की नाही, कोणी सांगत नाही. मला त्याची आठवण येते. आचारांनी विचारले, "हे पण लिहू?" लिहा म्हटले. जसेच्या तसे लिहा.

आता त्याच फाटकावर नव्या नावाची पाटी लागली आहे. परवा त्यांचा माणूस चान्थूकडे शेवया खात बसला होता, माझ्या घराची चौकशी करीत. विबोललाही पुन्हा बोलावणे आले आहे. म्हणून ही घाई.

सबब, माझे घर, अंगण व अंगणातील वाट मी विबोललाच देत आहे.

यावर चान्थू कुंपणापलीकडून ओरडली, "अगं, चोरालाच घर देतेस? आचार, लिहा, हिचं डोकं फिरलंय!" लिहिले आहे. माझे म्हणणे असे : कात्री हातात आली तेव्हा याची नोकरी त्या कात्रीवर होती, तरी याने ती साहेबालाच परत दिली. पोरगा भित्रा आहे, पण भ्यायचे कशाला ते त्याला कळते.

अटी : घर किंवा वाट फार्मवाल्यांना विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, "फक्त गाडी वळवू द्या" म्हणाले तरी द्यायची नाही. रोज पायरीवर केळी ठेवायची. दर नववर्षाला स्वतःच्या हाताने दोरे बांधायचे. अट मोडल्यास घर चान्थूचे, आणि विबोलने जन्मभर तिच्या शेवया खायच्या.

"आत्या, चावतात गं ती!"

"चावू देत. तू त्यांना काय कमी चावलास?"

आचारांनी शाईची पेटी पुढे सरकवली. विबोलने अंगठा शाईत बुडवला नि हवेत तसाच धरून बसला. मला वाटले, फार्मचा पगार आठवतोय याला.

"काय रे? नको का घर?"

"तसं नाही," तो म्हणाला. "मला त्यांची नावं येत नाहीत."

"नावं कशाला हवीत तुला?"

"तू नावानं हाका मारतेस तेव्हा ती खाली येतात. मी दिसलो की पोरं पोटाशी धरून पळतात." अंगठ्याची शाई जिन्यावर टपकत होती. "नावं शिकव आधी. लगेच मरू नकोस."

कलम ५. वरील कारणाने माझा मृत्यू तूर्त पुढे ढकलण्यात येत आहे. विबोलला सगळी नावे पाठ होईपर्यंत हे मृत्युपत्र कोणी उघडू नये. पोरगा शाळेत मठ्ठ होता, त्यामुळे वेळ लागेल.

लिहून ठेवणार : केओ सारोउन (सही)
घर व अटी कबूल : केओ विबोल (अंगठा)
साक्षीदार : आचार नोप, लिहिणार (सही)
साक्षीदार : मीम चान्थू, कुंपणापलीकडून (सही)

त्रापेआंग थ्नोत, १२ जून २०२३, बौद्ध संवत २५६७. सकाळची वेळ. आम्ही दोघे पायऱ्यांकडे निघालो आहोत.