लान्झारोटेला तूप नेऊ नका

रविवार, १४ सप्टेंबर

स्वानंदचा फोन. आमच्या लीड्सच्या मंडळाचा नवा अध्यक्ष — पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, उत्साह नुसता उतू जातोय. म्हणे नोव्हेंबरात मंडळाची सहल काढतोय, लान्झारोटेला. ज्वालामुखीचं बेट! काकू, तुम्ही आणि काका तीनदा जाऊन आलात ना, मग ग्रुपवर जरा प्रॅक्टिकल माहिती टाका. आणि तुम्हीपण चला.

माहिती टाकते म्हटलं. येण्याचं बघू म्हटलं.

बघू कसलं! जाणार नाही. सुमेधा आणि तिचा नवरा उल्हास जाणार आहेत.

सोमवार, १५ सप्टेंबर

इथे तरी सरळ लिहावं. सुमेधा माझी तीस वर्षांची मैत्रीण. ती गायनॅकमध्ये डॉक्टर, मी त्याच हॉस्पिटलच्या फार्मसीत. माझा नवरा शशी गेला त्या दिवशी माझ्या पोरीच्या आधी ती पोचली होती. माझ्या किचनमध्ये उभं राहून आल्यागेल्याला चहा तिने केला. आणि या जानेवारीत तिच्याकडे नेहमीसारखं हळदीकुंकू झालं, अख्ख्या वेस्ट यॉर्कशरच्या बायका गेल्या आणि मला साधा मेसेज नाही. त्याच्या आदल्या वर्षी शशीला जाऊन सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा मलाच भान नव्हतं. पण यंदा? तिच्याकडच्या तिळाच्या वड्या दरवर्षी मी करायचे! कुणीतरी ग्रुपवर फोटो टाकले म्हणून कळलं.

विधवा हा शब्द ती कधी बोलली नाही. न बोलावून सांगितला. तेव्हापासून मी तिचा फोन घेत नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

टाकली माहिती. शशी असता तर नकाशे काढून बसला असता. मी आपलं थोडक्यात —

बंद बूट न्या. लाव्हाचा दगड सुरीसारखा असतो, सँडल घालून तोऱ्यात चालाल तर पाय फाडून घ्याल. वारा प्रचंड, टोपीला नाडी हवी. ऊन जाणवत नाही आणि भाजून काढतं, तेव्हा आपल्या रंगावर विसंबू नका, सनक्रीम लावा. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ खोक्यासकट. हे मी फार्मसिस्ट म्हणून सांगतेय, दरवर्षी एक तरी शहाणा गोळ्या मोठ्या बॅगेत टाकतो आणि बॅग जाते भलतीकडे. नळाचं पाणी समुद्राचं गोड केलेलं असतं, प्यायला बाटली घ्या. घड्याळ बदलायला नको, वेळ इथलीच.

लगेच एकाचा प्रश्न, लाव्हा वाहताना दिसेल का? अरे बाबा, शेवटचा उद्रेक दोनशे वर्षांपूर्वीचा! वाहता लाव्हा टीव्हीवर बघ.

मंगळवार, २३ सप्टेंबर

ग्रुपवर सुमेधा — "साजूक तूप नेलं तर चालेल का?"

नाव माझं घेतलं नाही, पण उत्तर द्यायला दुसरं आहे कोण? लिहिलं, की दूध, तूप, मटण, चिकन यातलं काहीही इथून युरोपियन युनियनमध्ये न्यायला बंदी आहे. पुरणपोळीवर ऑलिव्ह ऑइल घ्या.

तिने अंगठा टाकला. जानेवारीपासूनचा आमचा पहिला संवाद, आणि तोही तुपावरून!

रविवार, ५ ऑक्टोबर

ड्रायव्हिंगबद्दल लिहिलं. गाडी घ्याच, बेट लहान आहे, रस्ते सुंदर. उजवीकडून चालवायची. राउंडअबाउटला उलटं वळायचं, बरोबरच्याने तोंडाने "उजवीकडे, उजवीकडे" म्हणत राहायचं. मी शशीसाठी म्हणायचे. तो चिडायचा आणि तरी गप्प बसलेलं चालायचं नाही त्याला.

हे शेवटचं ग्रुपवर टाकलं नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

गळती सुरू. एका घरी पोराला कांजिण्या. एकांचे सासूसासरे नेमके तेव्हाच नागपूरहून येणार, व्हिसा लागला. आणखी दोघांना तिकीट महाग वाटलं. आणि स्वानंद, ज्याने हे सगळं काढलं, त्याच्याच ऑफिसात रिलीज आलाय! काकू सॉरी, काकू एक्स्ट्रीमली सॉरी. मी म्हटलं, मला कशाला सॉरी, मी कुठे जाणार होते?

उरले उल्हास-सुमेधा.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

उल्हासचा फोन, लँडलाइनवर. त्या नंबरवर आता फक्त फसवे लोक फोन करतात म्हणून आधी उचललाच नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला.

भला माणूस. आडवळणं घेत नाही. म्हणाला, माझा गुडघा काही चालायच्या लायकीचा नाही, मी जात नाही. मी म्हटलं, मग कॅन्सल करा. तर म्हणाला, "नाही, वीणा. तू तिला घेऊन जा. घरात रोज तुझं नाव निघतं आणि रोज ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. मला आता बघवत नाही."

बघते म्हणाले. फोन ठेवून भांडी घासली. स्वच्छ होती तीच पुन्हा घासली.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

देविकाला क्रॉयडनला फोन केला. माझी लेक, जन्म इथला, मराठी आपल्या मर्जीने वापरते. "आई, तू जा ना. घरी एकटा बसून राग करतोस. तिकडे जाऊन राग कर, ॲटलीस्ट ऊन तरी मिळेल."

मुद्दा आहे.

बुधवार, २२ ऑक्टोबर

पाडवा. तिकीट काढलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बॅग भरतेय. लेअर्स हवेत — खाली बीचवर चोवीस डिग्री आणि वर ज्वालामुखीपाशी वारा बोचतो. शशीचा निळा विंडचीटर घेतला. मला मोठा होतो, पण वाऱ्याला त्याच्यासारखा दुसरा नाही. कपाटातून काढला तेव्हा खिशात जुनं पार्किंगचं तिकीट निघालं. राहू दिलं.

सुमेधाशी बोलणं फक्त मेसेजवर. "टॅक्सी ६ ला." "ओके." दोन म्हाताऱ्या बायका आणि ही तऱ्हा!

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पोचलो. विमानात मधली सीट रिकामी होती, तिच्यावर दोघींच्या पर्सेस ठेवल्या. सव्वाचार तासांत ती पाणी मागायला बोलली आणि मी हो म्हणायला.

तिथल्या इमिग्रेशनला रांग लांब. आता बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. बूट आरामाचे हवेत, आणि उतरायच्या आधी बाथरूमला जाऊन घ्यावं. हे पुढच्यांसाठी ग्रुपवर टाकलं पाहिजे.

गाडी मी चालवली. पहिल्याच राउंडअबाउटला मला घाम फुटला. शेजारून हळूच आवाज आला, "उजवीकडे. उजवीकडे." पार अपार्टमेंटपर्यंत म्हणत राहिली. बरं वाटलं. लिहून टाकते. बरं वाटलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

अरे देवा, काय बाई आहे! तूप आणलंच होतं! मोज्यात गुंडाळून बरणी, मोठ्या बॅगेत. झाकण सैल आणि खोलीत ऊन. सगळे कपडे तुपात. एकूण एक! सलवारी, स्वेटर, रात्रीचा गाऊन. अपार्टमेंटला लग्नघराचा वास.

मी दारात उभी. ती बेडवर बसलेली, हातात तुपकट स्वेटर. मला वाटलं मी ओरडणार. मी लिहिलं होतं, सगळ्यांना स्पष्ट लिहिलं होतं! पण तिचं तोंड असं झालं होतं की मला हसू फुटलं. थांबेना. मग तीही हसायला लागली. म्हणते, पिठलंभात करणार होते गं, तुला आवडतो, त्यावर तूप नको का?

वॉशिंग मशीन तीनदा लावलं. वास जाईना. तिला माझा टीशर्ट दिला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

तिमानफाया. ज्वालामुखीचा पार्क. सकाळी लवकर जाणे! दहानंतर गाड्यांची शेपटी लागते. आत पायी हिंडू देत नाहीत, त्यांच्या बसमधूनच बघायचं. डावी-उजवी कुठलीही खिडकी चालते. दगड उचलायचा नाही, खडाही नाही, कायद्याने बंदी आहे.

वारा असा की सुमेधा कुडकुडायला लागली. तिचं बाकी काही सुकलेलंच नव्हतं. मी विंडचीटर काढला आणि तिला दिला. तिने ओळखला. घालू का, म्हणून नुसतं बघितलं. घाल म्हटलं, मी दोन स्वेटर घातलेत.

तिथला माणूस जमिनीत वीतभर उकरतो आणि मूठभर खडी आपल्या हातावर ठेवतो. गरम! सुमेधाने झटकन टाकली. मी धरून ठेवली, ह्या हातातून त्या हातात करत. मग त्याने खड्ड्यात वाळकी झुडपं ढकलली, ती आपोआप पेटली. नळीत पाणी ओतलं तर वाफेचा फवारा. सगळे टाळ्या वाजवतात. त्याच आचेवर कोंबड्या भाजतात. शशी म्हणायचा, फुकट गॅस.

परत येऊन चहा केला. ती विंडचीटर घालूनच बसली होती. म्हणाली, "मला वाटलं, तुला त्रास होईल."

कशाचं बोलतेय ते मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "मग मला विचारायचं होतंस. त्रास होईल का, ते मी सांगितलं असतं. हो किंवा नाही."

मग म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते — "मी घाबरले गं. तू आलीस, आणि सगळ्यांसमोर तुला कुंकू लावताना माझा हात थांबला तर? एवढी सिझेरियन केली, कधी हात थांबला नाही. पण लहानपणापासून बघितलंय ना, आमच्याकडे काका गेल्यावर काकूला हळदीकुंकवाच्या वेळी बाहेर बसवायचे. मला माझ्या हाताची खात्री नव्हती. म्हणून बोलावलंच नाही."

कसलं उत्तर हे! दुसरं काही बोलली असती तर मी चहा तसाच टाकून उठले असते. पण हे खरं होतं. मला खोटं लगेच कळतं, तिचं तर कळतंच. मी रडले. तीही. मी तिला सांगितलं की तू फार वाईट वागलीस, शशी गेल्यावर तूच होतीस आणि तूही गेलीस. हो म्हणाली. सबबी सांगितल्या नाहीत.

मग दोघींना भूक लागली. पिठलंभात केला. बरणीच्या तळाशी चमचाभर उरलं होतं, ते वर घातलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बीचवर लाल झेंडा. पाण्यात उतरू नका — शहाणपणा न करता ऐकायचं, आतली ओढ जबरदस्त आहे. काठावर बसून गप्पा. वर्षभराच्या साठल्या होत्या.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मिठागरं बघितली. काळ्या डोंगरापुढे पांढरे चौकोन. दुकानात तिथल्या मिठाच्या छोट्या पिशव्या मिळतात. सुमेधाने वीस-पंचवीस घेतल्या. मी म्हटलं, बीपी किती आहे तुझं? म्हणाली, माझ्यासाठी नाहीत, आणि पुढे काही सांगेना.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

घरी. लीड्सला चार डिग्री आणि पाऊस. उल्हास टॅक्सीपाशी काठी टेकत उभा. गुडघा म्हणे बराच बरा आहे आता. मी त्याच्याकडे नीट बघितलं, तर बॅगांकडे बघायला लागला. लबाड!

ग्रुपवर शेवटची सूचना टाकली — लान्झारोटेला तूप नेऊ नका. सुमेधाने खाली लिहिलं, अनुभवाचे बोल.

गुरुवार, ८ जानेवारी

संक्रांत आली. बाजारात तीळ आले. सुमेधाचा चार दिवसांत फोन नाही. एरवी रोज दोनदा असतो. मी काही विचारणार नाही. बेटावर बोलणं वेगळं, इथे सगळ्यांसमोर वेगळं. हात थांबला असेल. देविका म्हणते तूच विचार. नाही विचारणार.

शनिवार, १० जानेवारी

कमाल आहे! सकाळी ग्रुपवर सुमेधाचा मेसेज, सगळ्यांना — "यंदाचं हळदीकुंकू माझ्याकडे नाही. रविवारी अठराला, दुपारी तीनला, वीणाच्या घरी. वाण मी आणतेय, ज्वालामुखीचं मीठ."

वीणाच्या घरी! आणि वीणाला विचारलं का? नाही! पुन्हा नाही! मी फोन करून अशी झापली तिला. मेसेज गेलासुद्धा, पंचवीस जणींनी अंगठे टाकलेसुद्धा, आणि माझ्या हॉलचे पडदे धुवायचेत, खुर्च्या बारा आहेत. ती शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.

किलोभर तीळ आणले. गूळ आहे.

रविवार, १८ जानेवारी

घरभर बायका. माझी मी हळद आणि कुंकू घेऊन पहिलीकडे निघाले, तर सुमेधाने करंडा हातातून काढून घेतला आणि सगळ्यांसमोर आधी मला लावलं. हात थांबला नाही. अर्धं कुंकू मात्र नाकावर सांडलं. सगळ्या गेल्या, आरशात बघितलं. पुसलं नाही.