आठाने मोजलेले शंभर खण

शुक्रवार, ता. १६

ती. भाऊजींना साष्टांग नमस्कार (आठही अंगं मोजून घातलाय, कारण पुढे कळेल).

आपला गुडघा आणि ताईचा खोकला दोन्ही उतारावर असतील अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल. फक्त माझी नोकरी कालपासून टांगणीला आहे, पण ते राहू द्या, आधी शोध ऐका!

आमच्या स्टोअरमधलं लोखंडी कपाट तुम्ही पाहिलंय. आठ ओळी, ओळीत आठ खण, त्यांत नट, बोल्ट, वॉशर, स्प्रिंगा. त्यांना एक ते चौसष्ट नंबर देणं हा शुद्ध गाढवपणा आहे हे मला बावीस वर्षांनी कळलं. सदतीस नंबर कुठल्या ओळीत? बसा भागाकार करत! म्हणून मी (जुन्या पुस्तकावरून, कोणाच्या शिकवणीशिवाय) अष्टमान पद्धत आणली. शून्य ते सात एवढेच आकडे, आठ-नवाला कायमची रजा. मोजणीही शून्यापासून. पहिला आकडा ओळीचा, दुसरा खणाचा. ३५ म्हणजे तीन-पाच. ‘पस्तीस’ म्हणायचं नाही, भांडणं तिथूनच सुरू होतात. आणि गंमत बघा, तुमच्याकडे आकड्यांची बेरीज करून नवाचा भाग ओळखतात, इथे तो मान साताला! तीन-चार घ्या. बेरीज सात. उलगडा, आठ त्रिक चोवीस आणि चार, अठ्ठावीस! हे दिसलं तेव्हा मी स्टुलावरून असा उठलो की डोकं फळीवर आपटलं (टेंगूळ एक, दोन्ही पद्धतींत).

तुम्ही चारचौघांत मला ‘आठवी नापास’ म्हणता. अष्टमानात आठ हा एकावर शून्य असा लिहितात. तेव्हा यापुढे ‘दहावी नापास’ म्हणावं.

तर काल वरच्या ऑफिसातून तपासनीस आले. यादीत मी ठळक लिहिलेलं, एकूण खण १००. त्यांनी ओळी मोजल्या, आठे आठे चौसष्ट म्हणाले आणि चष्मा काढला.

“छत्तीस खण विकले की काय?”

“नाही साहेब, हेच शंभर.”

“मला मोजता येत नाही का?”

“येतं, पण अंगठे धरून.”

मालक मध्ये पडले म्हणून वाचलो. मग मी फरशीवर खडूने सगळं मांडलं, आणि अर्ध्या तासात खुद्द तपासनीस अंगठे मुडपून बोटं मोजत होते! मान्य झालं, भाऊजी! चौसष्टचे शंभर झाले!

ताईला नमस्कार.

आपला,
दहावी नापास मेहुणा

ता. क. नंतर त्यांनी एकेक खण उघडायला लावला. भरले सात-सात. अष्टमानात शंभरातून एक गेला की सात-सातच उरतात हेही मी उत्साहाने समजावलं, पण एव्हाना त्यांचा उत्साह संपला होता. तीन-पाचच्या जागी नुसतं भोक. “पॉलिशला दिलाय, सोमवारी येईल” असं मी बोलून बसलोय. नाही आला, तर मंगळवारपासून मी घरी.

ता. क. दुसरा. गेल्या खेपेला ताईला बटणं ठेवायला मी एक लोखंडी खण कौतुकाने दिला होता. शिलाई मशीनखाली असेल. बटणं काढून, पुसून, सोमवारी सकाळी आठच्या आत तेवढा घेऊन यावं. गुडघ्याला सांभाळून, पण यावंच.

ता. क. तिसरा. वरची १६ तारीख माझ्या पद्धतीची आहे. आज चौदा, सोमवारी सतरा. नोकरीचा प्रश्न आहे, एवढ्यापुरतं आपलं साधं दशमानच धरावं.