माझ्या वाट्याची ओळ

धाकटीच्या आईस अनेक आशीर्वाद.

सोमवारी माझ्या पोटाचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, घाबरू नका." मी कुठे घाबरलोय? तू वेळेवर जेवतेस ना?

सूनबाईने कांद्याची मुळं केरात टाकली होती. मी ती खिडकीतल्या डब्यात लावली, तर बोटभर पात आली. ती हसली, "बाबा, इथेही बाग?"

परसातली पात उपटू नकोस. दोन बोटं ठेवून काप, म्हणजे पुन्हा फुटेल. तुला ठाऊक आहे, तरी सांगतो. गुडघे सांभाळ.

शेवटची ओळ माझ्यासाठी राख. आलो की मीच कापीन. पण पात निबर व्हायला लागली, तर माझी वाट बघू नकोस. कापून भाजी कर. मुळं तेवढी मातीत राहू देत.

धाकटीचे बाबा