दारावरचं चाक

४ जून
दादाने आज टेबलावर हात आपटला. ओठ स्पष्ट दिसले— "दार बडवून हात दुखले माझे! कान गेल्यावर एकटीनं राहायचं नसतं. महिनाअखेर आमच्याकडे यायचं, बस्स."

नाही जाणार! माझं शिवणकाम या घरात, गिऱ्हाईक या दाराशी. बाहेर बटण दाबलं की मशीनपुढे दिवा लागला पाहिजे. एवढंच तर करायचंय.

६ जून
सेल, तार, बटण, बल्ब. सगळं जोडलं. ढिम्म!

कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला दाखवलं, तर तो पोट धरून हसला. मी तारांना अशा पक्क्या गाठी मारल्या होत्या की दोरा असता तर जन्मात सुटला नसता— पण वरचं प्लॅस्टिक तसंच! "ताई, तांब्याला तांबं भिडायला हवं. गाठ कितीही देखणी असू दे." मेला! टोकं सोलली. लागला दिवा.

१३ जून
मी बाजारात, इकडे बटण रुतून बसलेलं. दिवा जळत राहिला, सेल संपला. आणि नेमका दादा आला! "सेलच्या भरवशावर राहणार तू?" इतका राग आला— सेलचा. बरं, थोडा दादाचाही.

१४ जून
सेल नकोच. सायकलवाल्याकडून सायकलच्या दिव्याचा जुना डायनामो आणला. आत चुंबक, भोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. चुंबक फिरला की तारेत वीज तयार. संपायचा प्रश्नच नाही! जुन्या हातमशीनचं चाक दाराबाहेर बसवलं, त्याला डायनामो टेकवला. येईल त्याने फिरवावं.

१५ जून
लागत नाही.

१६ जून
अजून नाही. सोडणार नाही.

१७ जून
कळलं! सायकलवर एकच तार दिसते म्हणून मीही एकच ओढली. तिथे परतीची वाट सायकलचं लोखंडच देतं. माझ्या लाकडी दारात लोखंड कुठलं! परत यायला वाट नसेल तर वीज निघतच नाही. डायनामोच्या अंगापासून दिव्यापर्यंत दुसरी तार ओढली. शेजारच्या काकूंनी चाक फिरवलं— लख्ख! त्या दमल्या की मिणमिणता. मी मोठ्याने ओरडले म्हणे. मला कुठलं कळायला!

३० जून
दिवा लागला. दार उघडलं— दादा. न्यायलाच आला होता. पण आत येईना. चाक फिरवायचा, वाकून दिव्याकडे बघायचा, पुन्हा फिरवायचा. मग ओठ अगदी हळू हलले— "मलाही ऐकू येईनासं झालंय गं. तुझ्या वहिनीलासुद्धा सांगितलं नाही. वाटलं, तू घरात असलीस तर भीती कमी वाटेल."

उद्या जातेय त्याच्याकडे. चार दिवस. ओठ वाचायला शिकवायला.