म्हाताऱ्या ज्यूची भूमिका

२ डिसेंबर
मला मुख्य भूमिका! अंबरनाथच्या आमच्या हौशी नाट्यमंडळात दहा वर्षं नुसत्या मोलकरणी केल्या. आता परदेशी गोष्टीवरून बेतलेल्या एकांकिकेत म्हातारा ज्यू — गावाच्या विहिरीत विष कालवणारा. कमलेश बसवतोय. म्हणाला, “शीलाताई, वाकडं नाक लावलं का अर्धं काम झालं!” मी पोट धरून हसले.

६ डिसेंबर
चैत्यभूमी. पाय सुजलेत. आज एवढंच.

९ डिसेंबर
खालच्या मजल्यावरच्या मोझेलमावशींनी पहिल्यांदाच मलिद्याला बोलावलं. मुलाचं ऑपरेशन नीट पार पडलं, त्याचा नवस. मी त्यांना ख्रिश्चन समजून अकरा वर्षं नाताळचा केक देत आले! “आम्ही बेने इस्राएल गं, ज्यू. केक छान असायचा, नाही कशाला म्हणू?”

मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं. टोप्या घातलेली माणसं हिब्रूत प्रार्थना म्हणू लागली आणि माझ्या अंगावर काटा आला. किती शतकांचे ते शब्द — आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या स्वयंपाकघराच्या बरोब्बर खाली! प्रार्थना संपते न संपते तोच त्यांच्यातलंच कुणीतरी अस्सल मराठीत, “अगं, नारळ कुठे ठेवलास?” डोळे भरून आले माझे.

भूमिकेचं बोलले नाही.

११ डिसेंबर
तालमीत सांगून टाकलं — मी हे करणार नाही. माझ्या आजीला, गयाबाईला, गावात विहिरीवर चढू देत नव्हते. पाणी बाटेल म्हणून! तिची नात मी, आणि दुसऱ्या कुणाच्या माथी विहिरीतलं विष मारू? पुस्तकात छापलं म्हणून ते खरं होतं का?

कमलेश चिडला. “इथं ज्यू हायेतच कुठं? कोनाला लागनार?”

“माझ्या खालच्या मजल्यावर.”

त्यावर तो म्हणाला, “नसंल करायचं तर तसं सांगा. आपल्या मंडळातली जिज्ञासा तयार हाय.”

संहिता टेबलावर ठेवली आणि निघाले. रिक्षात रडले. दहा वर्षं वाट बघितली होती मी!

१२ डिसेंबर
मावशींकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, “माहीत होतं गं. रोज सकाळी गॅलरीत पाठ करायचीस ना मोठ्याने? शब्द न् शब्द खाली ऐकू यायचा.”

म्हणजे ते सगळं ऐकल्यावर त्यांनी मला मलिद्याला बोलावलं होतं! आणि पहिलं ताट स्वतःच्या हाताने मला दिलं होतं.