चकाकीवर काळी पट्टी

२ मार्च

काळी! जाळी काळी, खिडकीची कड काळी, दाराची मूठ काळी, आरशांची पाठसुद्धा काळी. वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी नवी गाडी आणली आणि अख्खी इमारत खाली उतरून कौतुक करत होती. मी विचारलं, "क्रोम कुठे गेलं हो?" तर म्हणतात, "आहे ना, आत आहे. वरून काळी फिल्म चिकटवून घेतली."

म्हणजे असलेलं झाकलं! पदरमोड करून! आधी घासायचं, मग तांबं चढवायचं, मग निकेल, आणि सगळ्यांच्या वर क्रोमचा तो एक पातळ थर. एवढ्या कामावर वहीला कव्हर घालावं तसं काळं प्लॅस्टिक! मी चकार शब्द काढला नाही. म्हणजे एवढंच म्हटलं, "वा! घरात कोण गेलं?" त्यांच्या बायकोने लगेच हिच्याकडे तक्रार केली आणि ही दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

"क्रोम आता म्हाताऱ्यांचं झालं, काका," हे वर आणखी. काका! हा माणूस माझ्याहून चार वर्षांनी लहान असेल-नसेल.

४ मार्च

बऱ्याच दिवसांनी कारखान्यात मनासारखं काम. एका हौशी माणसाने जुन्या गाडीचा बंपर आणला, गंजून पापडी सुटलेला. आमच्या बफवाल्याने दोन दिवस चाकावर घासून तो गुळगुळीत केला. तीस वर्षं झाली आम्हाला एकत्र, अजून त्याच्या तोंडून "झालं" हा शब्द मी विचारल्याशिवाय निघालेला नाही.

शेवटची बुडी माझी. क्रोमच्या टाकीवर वाफ ओढणारा मोठा पंखा आहे, तपासणीला साहेब येऊन गेले तेव्हा लावलेला. शेवटच्या बुडीला तो मी बंद करतो. वारा लागला की चकाकीवर धुरकट ढग धरतो. हे पुस्तकात नाही, हे माझ्या उस्तादांनी शिकवलं. बाकीचे पंखा चालू ठेवतात आणि ढगाळ माल देतात. देऊ देत! ही पूर्वी रोज दुपारी यायची, टाकीशेजारी उभी राहून हुकांना माल टांगायला. हिने टांगलेला एक तुकडा कधी वाकडा बुडाला नाही. अठरा वर्षं आली, मग गुडघ्यांनी नाही म्हटलं.

बंपर बाहेर काढला तर हौशी माणूस त्यात आपला चेहरा बघून केसच नीट करायला लागला. म्हणाला, "किती वर्षं करताय हे?" मी बफवाल्याकडून दोरा मागितला, एका नाकपुडीत घातला, दुसरीतून बाहेर काढला. माणूस दोन पावलं मागे! नाकाचा मधला पडदा क्रोमची वाफ हळूहळू खाते. आमच्याकडे त्याला पदवी म्हणतात. उस्तादांचा दोरा जायचा, माझ्याबरोबर शिकलेल्या तिघांचा जायचा. ज्याचा जात नाही तो अजून कच्चा. मुलगी पाच वर्षांची असताना पाहुणे आले की मागे लागायची, "बाबा, दोरा! बाबा, दोरा!" आणि टाळ्या पिटायची.

७ मार्च

संताप, संताप! हिने पुन्हा शेगडीचं बटण अर्धवट फिरवून ठेवलं, दिवाळीत मुलगी आली होती तेव्हासारखंच. गॅस सुटलेला. मी टेबलाशी पेपर वाचत, ही समोर भाजी निवडत. शेजारीण धावत आली, "अहो, जिन्यापर्यंत वास येतोय, तुम्ही दोघं करताय काय!" आणि खिडक्या उघडायला लागली. आमच्या खिडक्या!

मला वास येऊन बारा-तेरा वर्षं झाली असतील. ते कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगायचं कारणही नाही. पण बटण नीट बंद करायला काय होतं? "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हटलं. "भाजीत," म्हणाली. वेंधळेपणाला काही सीमा!

९ मार्च

आज ठेकेदाराचा फोन. मुलगी ज्या गाडीच्या कंपनीत आहे, तिच्याच जाळीच्या पट्ट्या ह्या ठेकेदारामार्फत आमच्याकडे क्रोम चढवायला येतात. कारखाना चालतो तो त्यावर. जुने बंपर काय, महिन्यातून एक आला तर आला. म्हणाला, "पुढच्या मॉडेलपासून क्रोम बंद. जूनपर्यंतचा माल पाठवतो, मग राम राम." जशी काही दुधाची पिशवी बंद करतोय!

मी विचारलं, कुणी ठरवलं? "वरून आलंय." वरून म्हणजे कुठून? आकाशातून?

मुलीला फोन केला. ती तिथे त्याच खात्यात बसते, गाडीच्या बाहेरच्या अंगाला काय लावायचं, काय नाही, तिथे. तिची नोकरी लागली तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरलो होतो की आता आपलं माणूस आत आहे. म्हटलं, "कोण आहे हा दिवटा? तुझा साहेब का?" ती म्हणाली, "बाबा, रविवारी येते. तेव्हा बोलू."

बिचारी. साहेबाविरुद्ध फोनवर कशी बोलणार?

१० मार्च

बफवाल्याला सांगितलं. त्याने चाक थांबवलं, हात पुसले, पुन्हा चाक सुरू केलं. त्याच्या वयाला कोण काम देणार? माझ्या वयाला कोण देणार? डोकं नुसतं तापलंय.

१२ मार्च

कंपनीला पत्र लिहिलं. चार पानं! लिहिलं की चकाकी म्हणजे नुसता नखरा नाही, ती गंज अडवते. लिहिलं की अंधाऱ्या गल्लीत काळ्या गाडीवर काळी पट्टी कुणाला दिसणार? लिहिलं की ज्या शहाण्याने हे ठरवलं त्याचे हात आयुष्यात कधी मळलेले नसणार, त्याने एक दिवस माझ्या टाकीशी उभं राहून दाखवावं आणि मग बोलावं.

हिने वाचलं. "हे पत्र आहे की भांडण?" म्हणून तीन शब्द खोडले. तिसरा मी पुन्हा घातला. पाकीट बंद करताना म्हणाली, "पाठवलंच पाहिजे का?" म्हटलं, पाठवलंच पाहिजे.

१५ मार्च, रविवार

मुलगी आली. मी तीनदा विषय काढला, तिने तीनदा टाळला. उलट मलाच विचारते, "बाबा, टाकीवरचा पंखा चालू असतो ना?" म्हटलं, "म्हणजे काय! सतत." शेवटच्या बुडीचं ह्या लोकांना कशाला सांगायचं.

मग पिशवीतून दोन साबण काढले. एक मला दिला, एक हिला. "कसा आहे वास?" मी हुंगल्यासारखं केलं आणि "मस्त" म्हटलं. हीसुद्धा म्हणाली, "छान आहे गं, फुलांचा." मुलीने दोन्ही साबण परत पिशवीत टाकले! दिलेली वस्तू परत नेतात का? जाताना दारात आईच्या गळ्यात पडली, लहान असताना पडायची तशी. साहेबाने फार छळ मांडलेला दिसतो.

२० मार्च

उत्तर आलं! मला वाटलं केराच्या टोपलीत गेलं असेल. "आपल्या भावनांचा आदर आहे," वगैरे वगैरे. पण खाली लिहिलंय की निर्णयाची शिफारस करणारे अधिकारी आपल्याला बुधवारी अकरा वाजता कंपनीत प्रत्यक्ष भेटू इच्छितात.

येतो म्हणावं. बुधवारी त्यांची अशी खरडपट्टी काढतो की नाव काढतील!

बफवाला म्हणाला, "सोडू नका मालक." आणि माझ्याबरोबर न्यायला आरशाची एक पाठ घासून दिली. तीवर मी आज स्वतः क्रोम चढवलं. पंखा बंद, कारखान्याची खिडकी बंद, श्वाससुद्धा जपून. इतकं निर्मळ काम माझ्या हातून दहा वर्षांत झालं नव्हतं.

२५ मार्च

आज कंपनीत गेलो होतो.

इस्त्रीचा शर्ट, आरशाची पाठ मऊ कापडात. मला एका काचेच्या खोलीत बसवलं. लांब टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या. दार उघडून मुलगी आत आली, हातात फाइल. मला वाटलं, मी आलोय कळल्यावर भेटायला आली. म्हटलं, "तू जा, तुझ्यावर राग निघायला नको, मी बघतो त्यांच्याकडे." ती टेबलाच्या पलीकडे गेली आणि खुर्ची ओढून बसली. "बाबा, शिफारस मी केली. त्या वाफेमुळे."

मी हसलो! खरंच हसलो. मग तिचा चेहरा बघितला.

काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. माझ्या हुकांवर वाढलीस, म्हटलं. तुझ्या शाळेच्या बुटांपासून ह्या फाइलपर्यंत सगळं त्या टाकीतून निघालंय, म्हटलं. शिंप्याचे डोळे जातात म्हणून लोक कपडे घालायचे थांबतात का? हे पण म्हटलं, आणि अजून ते मला बरोबरच वाटतंय. मग मी आरशाची पाठ तिच्यासमोर ठेवली. "ह्याच्यात खोट दाखव."

तिने उचलली, उजेडात फिरवली. "पंखा बंद करून केलंत ना?"

ओळखलं! इतक्या रागातही मला तिचं कौतुक वाटलं. "मग!" म्हटलं. "उगाच का अशी चकाकी उतरते?"

आणि ती रडायला लागली. काचेच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत. मी उठलो. फाइलमधले दोन कागद तिने माझ्या खिशात कोंबले. वाचणार नाही म्हटलं. आरशाची पाठ तिथेच राहिली.

घरी येऊन हिला सांगितलं. हिने विचारलं, "जेवायला वाढू?" म्हणजे हिला माहीत होतं! माझ्या घरात, माझ्या पाठीमागे!

२६ मार्च

दोघींशीही बोलत नाही.

२७ मार्च

ते कागद माझ्या चष्म्याखाली ठेवलेले सापडले. उचलून कपाटावर टाकले. दुपारी जेवणाच्या डब्यात सापडले, पिशवीत गुंडाळलेले! बफवाल्याला म्हटलं, बघ आमच्याकडची तऱ्हा. तो म्हणाला, "वाचा तरी. मग चिडा." चाक सुरू असताना तो कधी बोलत नाही. आज बोलला.

२९ मार्च

वाचलं.

पहिलं पान कंपनीच्या भाषेतलं, अमुक खर्च, तमुक पर्याय. दुसऱ्या पानावर लिहिलंय की तिने माल पुरवणारे सहा कारखाने बघितले. सहाही ठिकाणी कुणी ना कुणी हसत हसत तिला दोऱ्याचा खेळ करून दाखवला. एकाने विचारलं, टाळी नाही वाजवलीत? "हा खेळ मी लहानपणापासून बघत आले आहे आणि मी टाळ्या वाजवल्या आहेत," असं लिहिलंय. मग लिहिलंय, पडद्यानंतर वाफ छातीत उतरते. मग शेवटी: "माझ्या घरात गॅस सुटला तरी कुणालाच वास येत नाही."

ते पान मी दोनदा वाचलं, खोटं कशाला सांगू. कळलं होतं तर पोरीला. मग पुन्हा तिडीक गेली. माझं नाक कचेरीच्या फाइलमध्ये! साहेबलोकांनी वाचायला! आणि वर पदरचं घालून लिहायचं, "कुणालाच"? नाक माझं एकट्याचं गेलं, बाई! शिक्षण घेऊन हेच शिकली का, एकाचे दोन करायला?

हिला तो शब्द बोट ठेवून दाखवला. म्हटलं, "बघ तुझी लेक. कुणालाच म्हणे!" हिने कागद माझ्या हातातून घेतला आणि तो शब्द स्वतः पुन्हा वाचला.

३० मार्च

सकाळी चहा झाल्यावर हिने शिवणाचा डबा काढला. पांढरा दोरा तोडला, टोक ओठांत ओलं केलं, आणि माझ्यासमोर बसून आपल्या नाकातून ओवला. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर.

"तुम्ही पंखा बंद करायचात, तेव्हा हुकांपाशी मी उभी असायचे," म्हणाली.